परतीचा कागद

माझा कोट निळा आहे, असं मी बावीस वर्षं म्हणत आलो आणि बावीस वर्षं माझी बायको ‘हिरवा’ एवढं एकच म्हणून आपल्या कामाला लागत आली. याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात कुणीतरी जिंकतं, निदान कुणीतरी दमतं. आमच्यात दोन्हींपैकी काहीच झालं नाही. खरं तर या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानायला हरकत नव्हती, कारण ती रफूचं काम करायची; भोक पडलेलं कापड त्याच रंगाच्या धाग्याने असं विणून द्यायची की कापडाच्या मालकालाही भोक कुठे होतं ते बोटांनी चाचपडत शोधावं लागे. तिच्या पेटीत नुसत्या हिरव्याच्या चाळीस छटा होत्या. पण मी पडलो तत्त्वज्ञानाचा मास्तर, आणि आपलं चुकत असेल ही शक्यता मी नेहमी दुसऱ्यांनाच शिकवत आलो.

निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर मी ‘मनाची तोंडओळख’ नावाचा वर्ग घेतो. आठ-नऊ जण येतात, त्यांतले दोघे केवळ घरातून सुटका म्हणून. पहिल्याच दिवशी तो कोट माझ्या उपयोगी पडतो. मी तो खुर्चीच्या पाठीवर टाकतो आणि सांगतो की हा मला निळा दिसतो, माझ्या घरच्या माणसाला हिरवा. आता तिच्या डोक्यात शिरून तो तिला कसा दिसतो हे मला पाहता येईल का? मेंदू उघडला तर मेंदूच दिसेल, हिरवा रंग काही तिथे सापडणार नाही. मग पुढची पायरी. समजा, एखादं माणूस हुबेहूब तुमच्या ओळखीच्या माणसासारखं बोलतं, हसतं, ठेच लागली की ‘आई गं’ म्हणतं, पण आत कुणीच नाही. ते तुम्हाला ओळखता येईल का? इथे वर्ग गप्प होतो आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

यंदा हात वर केला तो एका निवृत्त पोस्टमनने. ‘म्हणजे घरात कुणी नाही, पण कडी वाजवली तर आतून ओ येते, असं?’ तो म्हणाला. ‘मग ओळखायचं कसं, सर?’

‘ओळखता येत नाही,’ मी खडू खाली ठेवत म्हणालो. ‘हीच तर गंमत आहे.’

या सुमाराला घरात मात्र गंमत उरली नव्हती. दोन वर्षांपासून हिचं काहीतरी बिनसलं होतं. कारण विचारावं तर कारण नाही. आम्हाला मूलबाळ नाही, पण ते दुःख जुनं, अंगवळणी पडलेलं. पैशाची ओढाताण नाही, दुखणंखुपणं नाही. ती खिडकीपाशी बसायची, सुईत धागा ओवायची आणि तासाभराने पाहावं तर सुई तशीच हातात. ज्या शिंपीणबाईकडे ती रफूचं काम करायची तिच्या दुकानात रोज जायची, तेही सुटलं. मी तिला समजावून सांगितलं, म्हणजे आधी युक्तिवादाने आणि मग चिडून, आणि ती प्रत्येक वेळी म्हणाली, ‘मास्तर, तुमचं सगळं बरोबर आहे.’ औषधं झाली, गोळ्या बदलून झाल्या. शेवटी डॉक्टरांनी एका मोठ्या इस्पितळातल्या प्रयोगाचं नाव सुचवलं.

एका जातीच्या अळंबीतून काढलेलं द्रव्य होतं ते. तिथले डॉक्टर तरुण होते आणि नवशिक्याला सांगावं तसं सावकाश सांगत होते. आपण जागेपणी सतत आतल्या आत स्वतःला सांगत असतो की मी अमकी, मला हे आवडतं, मला तमक्याचा राग येतो. या बडबडीलाच आपण ‘मी’ म्हणतो. हे औषध पाच-सहा तास ती बडबड थांबवतं. कुणाला वाटतं आपण खोलीभर पसरलो, कुणाला भिंतीवरचा उजेड आणि आपण एकच आहोत असं वाटतं. बडबड परत सुरू होते तेव्हा तिच्यातला दुःखाचा गुंता पुष्कळदा सुटलेला असतो. दोन बैठका, मध्ये सहा आठवडे. मी पुष्कळ प्रश्न विचारले. ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसली होती.

मग एक लठ्ठशी, हसऱ्या चेहऱ्याची परिचारिका मला बाजूला घेऊन गेली. बैठकीत रुग्णाशेजारी तीच बसणार होती. ‘मधल्या तासांत काहींना आपण कोण ते सापडेनासं होतं,’ ती म्हणाली. ‘घाबरण्यासारखं नसतं त्यात काही. पण आम्ही घरच्या माणसाकडून एक कागद लिहून घेतो आणि गरज पडली तर वाचून दाखवतो. इथे सगळे त्याला परतीचा कागद म्हणतात. एक पान पुरे. साध्या, खऱ्या गोष्टी लिहा. आणि एवढं सांभाळा, की तुम्हाला त्यांच्याविषयी काय ठाऊक आहे ते नको. त्यांना स्वतःला जे ठाऊक आहे ते लिहा.’

मी अकरा पानं लिहिली. लिहिताना मला इतका आनंद झाला की त्याची आता लाज वाटते. ती उठल्यावर आधी खिडकी उघडते आणि मग डोळे चोळते. चहा कपात नाही, वाटीत पिते. पत्र वाचताना शेवटची ओळ आधी वाचते. अनोळखी विषय निघाला की मान जराशी कलती करून हसते आणि वेळ मारून नेते. तिचं बालपण मी तिने सांगितलं होतं तसं, पण जरा व्यवस्थित क्रमाने लिहिलं. कोटापाशी आलो तेव्हा पेन क्षणभर थांबलं. अशा नाजूक अवस्थेतल्या माणसाला वादग्रस्त विधान वाचून दाखवणं बरं नव्हे, असा विचार करून मी सरळ लिहिलं की नवऱ्याचा निळा कोट दर हिवाळ्यात तीच दुरुस्त करते. पानं तिच्यापुढे ठेवली तर तिने ती उघडलीसुद्धा नाहीत. ‘तुम्ही लिहिलंय ना,’ ती म्हणाली, ‘मग बरोबरच असेल.’

बैठकीच्या दिवशी मी सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होतो. संध्याकाळी दार उघडलं आणि ती परिचारिकेचा हात सोडून आपणहून चालत माझ्याकडे आली. ‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘भूक लागलीय हो मला.’ दोन वर्षांत तिने हे वाक्य म्हटलं नव्हतं. मी तिथेच, चारचौघांत, रडलो.

पुढचे दिवस सुखाचे होते, हे मला आधी सांगून टाकलं पाहिजे. ती सकाळी खिडकी उघडायची आणि डोळे चोळायची. वाटीतून चहा प्यायची. माझ्या विनोदांना हसायची, तेही जिथे हसायचं तिथेच. रफूची पेटी पुन्हा बाहेर आली. एका सकाळी मी वर्गाला निघालो तर ती म्हणाली, ‘तुमचा निळा कोट नीट करून ठेवलाय, बाहीवर किडीने खाल्लं होतं.’ मी पायऱ्या उतरून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं की ती काय म्हणाली. जिंकलो, असं वाटलं आधी. बावीस वर्षांनी का होईना. पण त्या दिवशी वर्गात शिकवताना माझं लक्ष लागेना.

वर्ग सुटल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या नेहमी पुढच्या रांगेत बसतात, जवळ आल्या. ‘सर, रागावू नका,’ त्या म्हणाल्या. ‘पण बाहीला ठिगळ लावल्यासारखं दिसतंय. हिरव्या कोटाला निळा धागा कुणी लावला?’

मी बाही उजेडात धरली. मला सगळं एकच दिसत होतं, कोटही आणि रफूही. पोस्टमनला विचारलं. तो खाली पाहत म्हणाला, ‘निळाच धागा आहे, सर. लांबूनही कळतो.’ म्हणजे माझ्या डोळ्यांतच काही खोट होती आणि ती कुणीतरी मला बावीस वर्षं सांगत होतं. ते राहू द्या. पण जिचं रफू आजवर कुणाला दिसलं नव्हतं तिने, भर उजेडात खिडकीपाशी बसून, पेटीतल्या चाळीस छटा सोडून हा धागा कसा उचलला? घरी येऊन मी तिला कोट दाखवला आणि रंग विचारला. ‘निळा,’ ती म्हणाली. कुठे काही अडखळली नाही.

पुढच्या आठवड्यात शिंपीणबाई भेटायला आली. ही तिच्याकडे पंधरा वर्षं काम करायची. दोघींची खुर्चीला खुर्ची लागलेली. बाई दारातच उभी राहिली, आत न येता, आणि तिने दोन बोटं तोंडात घालून एक छोटीशी शीळ घातली, वर चढून मध्येच तोडलेली, जशी कुणीतरी पुरी करावी म्हणून तोडतात. मग ती हिच्याकडे पाहत राहिली. हिने मान जराशी कलती केली आणि हसली. ‘ये ना, आत ये,’ म्हणाली. शिंपीणबाईने पुन्हा एकदा, हळू, तीच शीळ घातली. ही तशीच हसत राहिली. मला तर माझी बायको शीळ घालते हेच ठाऊक नव्हतं.

बाई गेल्यावर मी अकरा पानांची माझ्याकडची प्रत काढली. त्या दिवसापासून नऊ दिवस मी जे केलं ते नवऱ्याने करण्याजोगं नव्हतं. मी तिच्यावर पाळत ठेवली. ती काही बोलली, काही केलं की मी मनात पान आणि ओळ शोधायचो, आणि सापडायची. एक पत्र आलं, तिने शेवटची ओळ आधी वाचली : पान तीन. भांडं पडलं, ती दचकली नाही, फक्त खांदे उडवले : पान आठ. नऊ दिवसांत तिने एकही गोष्ट अशी केली नाही की जी मी लिहिली नव्हती. तरी मी दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहायला बसायचो.

दहाव्या दिवशी जेवणं झाल्यावर मी तिला म्हणालो, ‘मला माहीत नाही असं काहीतरी सांग ना. तुझ्याबद्दलचं.’

तिने हातातला वाडगा खाली ठेवला. ती खरोखर विचार करत होती. रिकाम्या डब्यात कुणी काही राहिलंय का म्हणून हात फिरवावा, तसे तिचे डोळे थोडा वेळ फिरले. ‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला सगळं माहीत आहे.’ आणि हे ती इतक्या मायेने म्हणाली की मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बायकोची भीती वाटली.

मी इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी संगणकावर आकडे दाखवले. दुःखाचं माप एकतीस होतं, ते चारवर आलं होतं. ‘नेमकी तक्रार काय आहे तुमची?’ ते म्हणाले. ‘त्या सुखी आहेत ही?’ मी उठलो. परिचारिका मात्र मला जिन्यापर्यंत सोडायला आली.

‘त्या दिवशी आत काय झालं?’ मी विचारलं.

‘चौथ्या तासाला त्यांना काही सापडेना. आपण कोण, ते. होतं तसं. मी तुमचा कागद वाचायला घेतला. एरवी दोन-चार ओळींत माणूस ‘हो, हो, मीच ती’ म्हणतं आणि आम्ही थांबतो. त्या थांबू देईनात. अकराच्या अकरा पानं वाचून घेतली, दोनदा.’ ती जरा घुटमळली. ‘मधूनमधून विचारत होत्या, ‘आणखी काही नाही?’ मी म्हटलं, एवढंच लिहिलंय, बाई.’

तिथून मी थेट शिंपीणबाईच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ होती. ती कापडावर खडूने रेघा मारत होती. मी तिला म्हणालो की मला माहीत नाही असं हिच्याविषयी जे काही असेल ते मला सांग.

‘भावजी, तुम्हाला ऐकवणार नाही,’ ती म्हणाली.

‘तरी सांग.’

‘आठ वर्षं झाली. तुम्ही कुठेशी व्याख्यानांना गेला होतात, चारेक दिवस. ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. या टेबलावर निजली दोन रात्री. तुम्हाला कायमची सोडून चालली होती.’ तिने खडू ठेवला. ‘तुम्हाला नावं नाही ठेवली हो तिनं. म्हणाली, माणूस वाईट नाही गं, पण त्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत असतं. मला काही सांगायला जागाच उरत नाही.’

दुकानात कुणीतरी कपडे घेऊन आलं, तिने त्यांना थांबायला सांगितलं.

‘मग परत का आली?’ मी विचारलं.

‘ते मला नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली, तोंड धुतलं, शीळ घालत बॅग उचलली आणि गेली. का ते तिचं तिलाच ठाऊक.’

मी घरी आलो तेव्हा ती खिडकीपाशी शिवत बसली होती. मी तिला एवढंच विचारलं की आपण कधी घर सोडून जावं असं तुला वाटलं होतं का. ती हसली, म्हणाली, ‘तुम्हाला सोडून? काहीतरीच काय, मास्तर,’ आणि सुईकडे वळली. पान नऊ. मला समाधान वाटलं. ते वाटलं हे मी लपवत नाही, कारण ते क्षणभरच टिकलं आणि नंतर मला स्वतःचीच शिसारी आली. जिने मला सोडायचं ठरवलं होतं आणि मग, का कोण जाणे, न सोडायचंही ठरवलं होतं, ती बाई या खोलीत नव्हती. तिचं ते परत येणं ही आमच्या संसारातली एकमेव गोष्ट होती जी तिने एकटीने, मला न विचारता, माझ्यासाठी केली होती, आणि त्या परत येण्याचं कारण आता जगात कुणालाच माहीत नव्हतं.

घरी ज्या टेबलावर अकरा पानं लिहिली होती, त्याच टेबलावर मी बारावं पान लिहिलं. कोट हिरवा आहे. तू शीळ घालतेस. तू एकदा मला सोडून निघाली होतीस आणि परत आलीस. का आलीस ते मला माहीत नाही, ते तुझं तुला ठाऊक आहे. याशिवाय तुझ्यात पुष्कळ आहे जे मी लिहू शकलो नाही. एवढंच. आयुष्यात मी इतकं लहान आणि इतकं अवघड काही लिहिलं नव्हतं. ते घडी करून मी खिशात ठेवलं आणि दुसऱ्या बैठकीच्या दिवसाची वाट पाहू लागलो.

ते दिवस वाईट गेले असते तर सोपं झालं असतं. ते छान गेले. ती मला वाचून दाखवायची, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी जायची. इस्पितळात जाताना गाडीत तिने सगळा वेळ माझा हात धरून ठेवला होता. मी विचार करत होतो, आणि विचार कसा करायचा हे तर मला येतंच. एका बाईची आठ वर्षांपूर्वीची आठवण, तिला दुसरा पुरावा नाही. ती ऐकून ही पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसली तर? ऐकून निघूनच गेली तर? आणि मुख्य म्हणजे परिचारिकेचा नियम स्पष्ट होता : तुम्हाला ठाऊक आहे ते नको, त्यांना स्वतःला जे ठाऊक आहे तेच लिहा. आता तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला. युक्तिवादात कुठे फट नव्हती. मी दोनदा तपासून पाहिला.

‘कागद तोच ठेवायचा ना?’ परिचारिकेने फाइल उघडत विचारलं. ‘की काही बदल?’

माझा हात खिशावर होता. ही माझ्या शेजारी उभी होती, नेहमीसारखी, पिशवी दोन्ही हातांत धरून.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘काही बदल नाही.’

परिचारिकेने तिला आत चलण्याची खूण केली. दारापाशी जाऊन ती थांबली आणि वळून तिने माझ्याकडे पाहिलं. ती अकरा पानं मला तोंडपाठ आहेत. ती रागावून कशी पाहते, दमून कशी पाहते, माझी कीव आली की कशी पाहते, सगळं त्यांत आहे. हे पाहणं त्यांत नव्हतं. असं पाहताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. मी पुढे व्हायला गेलो, पण तोवर दार लागलं होतं.

पुढे किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही; गेल्या वेळी कागदाची गरज चौथ्या तासाला पडली होती, या वेळी अर्धा तासही झाला नसेल. आतून परिचारिकेचा आवाज येऊ लागला, संथ, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. ती माझा कागद वाचत होती, पहिल्या पानापासून, मी बायकोला धीर यावा म्हणून अगदी आरंभीच लिहिलेलं वाक्य : ‘घाबरू नकोस. तुला पूर्ण ओळखणारा माणूस दाराबाहेर बसला आहे.’